कॅरेज घड्याळ, फ्रेंच

प्रवासात सोबत नेण्यासाठी काचा बसवलेल्या पितळी चौकटीत घडवलेले, कमानीवर चालणारे आणि वर उचलण्याची कडी असलेले छोटे घड्याळ. लोलकाचे घड्याळ घोडागाडीच्या हिसक्यांत बंद पडते. यात लोलकाऐवजी तोलचक्र आणि केसासारखी बारीक कमान असल्याने ते धक्के सोसूनही चालते. एकदा चावी दिली की बहुधा आठ दिवस पुरते.

ही घड्याळे प्रथम पॅरिसमध्ये आब्राआम-लुई ब्रेगे यांनी मोजक्या धनिक गिऱ्हाइकांसाठी केली. नेपोलियन बोनापार्टने इजिप्तच्या मोहिमेपूर्वी, एप्रिल १७९८ मध्ये, त्यांच्याकडून असे एक घड्याळ घेतले. १८३० च्या सुमारास पॉल गार्निए यांनी सोपी, स्वस्त रचना रूढ केली आणि त्यातून मोठा उद्योग उभा राहिला. नॉर्मंडीतील सँ-निकोला-दालिएरमाँ येथे तयार होणारी कच्ची यंत्रे पॅरिसचे कारागीर पूर्ण करीत. त्यामुळे तबकडीवरचे नाव पुष्कळदा लंडन वा अन्य शहरातील विक्रेत्याचे असते. द्रोकूर, जाको, मार्गेन अशा निर्मात्यांच्या खुणा मागच्या पत्र्यावर शोधाव्या लागतात.

जुन्या नगाची स्थिती पाहताना नजर आधी माथ्यावरील काचेतून आत जावी. तिथे आडव्या पट्टीवर तोलचक्र आणि एस्केपमेंट, म्हणजे चाकांची गती क्षणोक्षणी अडवून सोडणारी यंत्रणा, बसवलेली असते. ही पट्टी बिघडली की दुरुस्तीऐवजी नवी बसवण्याची पद्धत पडल्याने अनेक घड्याळांचे हे मूळ अंग नाहीसे झाले आहे. पट्टीखाली स्क्रूंची रिकामी, जुनी भोके दिसली की ही अदलाबदल उघड होते. मीनाकामाच्या पांढऱ्या तबकडीला गेलेला केस किंवा उतरत्या घासलेल्या काचेच्या कोपऱ्याचा उडालेला टवका ही त्यामानाने क्षम्य इजा होय. चकाकीच्या हौसेपोटी घासून घासून उडवलेला सोन्याचा मुलामा मात्र परत आणता येत नाही, आणि असे लखलखीत पितळच अजाण ग्राहकाला भुलवते.

मालकीचा इतिहास सिद्ध करणे अधिक अवघड असते. ब्रेगे यांच्या वह्यांत घड्याळाचा क्रमांक आणि खरेदीदार यांची नोंद सापडते. इतर बहुतेक कारखान्यांच्या घड्याळांवरील अनुक्रमांकावरून फार तर निर्मितीचा काळ अजमावता येतो, मालक कळत नाही. म्हणून घराण्यात चालत आलेल्या कथेपेक्षा चौकटीवर कोरलेला भेटीचा मजकूर, यंत्रावरील क्रमांकाशी जुळणारा चावीवरचा क्रमांक किंवा चामड्याची मूळ पेटी यांना अधिक वजन द्यावे. पत्र्यांच्या आतल्या बाजूस आणि कमानीवर दुरुस्ती करणाऱ्यांनी टोकदार सुईने ओरखडलेली नावे व तारखाही आढळतात. त्यांवरून घड्याळ कोणत्या सुमारास कोणाच्या हाताखालून गेले हे कळते, परंतु त्या दिवशी ते कोणाच्या घरून आले होते याचा उल्लेख त्यांत क्वचितच असतो.