डालड्याच्या डब्यांतील तीन फेरफार

डालड्याचा पिवळा डबा रिकामा झाला कीं त्यांत तुळस लावावयाची, हा प्रघात अनेक घरांत इतका रूढ होता कीं, डब्यांत मुळांत काय होतें हा प्रश्न मागेंच पडला. या पदार्थाच्या घटनेंत तीन वेळां फेरफार झाले. त्यांची कारणें मात्र एकमेकांहून फार निराळीं आहेत.

पातळ तेलांत निकेलच्या साह्यानें हायड्रोजन मिसळून तें घट्ट करण्याच्या युक्तीचें पेटंट विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १९०२ सालीं घेतलें. अमेरिकेंत १९११ सालीं असें स्निग्ध 'क्रिस्को' या नांवानें विक्रीस आलें. आपल्याकडे १९३७ सालीं डालडा आला. तो तुपासारखा रवाळ, टिकाऊ आणि स्वस्त होता. गरिबाच्या घरीं सणाला शिरा झाला तो पुष्कळदां त्याच्याच जोरावर, हें त्याच्या टीकाकारांनीं विसरूं नये.

टीका थोडी झाली नाहीं. गांधीजींनीं १९४६ सालीं 'हरिजन'मधून वनस्पति तुपाविरुद्ध लिहिलें. परंतु सर्वांत मोठी ओरड होती ती शुद्ध तुपांतील भेसळीची. म्हणून सरकारनें वनस्पति तुपांत निदान ५ टक्के तिळाचें तेल घालण्याची सक्ती केली. तिळाचें तेल आम्ल व फरफ्युरल यांच्या योगें तांबूस रंग देतें. त्यामुळें तुपांतील लबाडी परीक्षानळींत उघडी पडे. हा पहिला फेरफार. दुसरा फेरफार 'अ' जीवनसत्त्व घालण्याचा. तुपांत तें निसर्गतःच असतें, तेव्हां नकलेंतहि तें असावें, असा त्यामागील विचार.

खरा दोष यांपैकीं कशांतच नव्हता. हायड्रोजन अर्धवट मिसळला म्हणजे तेलाचे कांहीं रेणु वांकडे न राहतां सरळ होतात व एकमेकांस चिकटून बसतात. यांनाच ट्रान्स स्निग्धाम्लें म्हणतात. तुपासारखा घट्टपणा अंशतः यांच्यामुळेंच येई. मेन्सिंक व काटान या डच संशोधकांनीं १९९० सालीं दाखविलें कीं, त्यांच्या योगें रक्तांतील घातक कोलेस्टेरॉल वाढतें आणि हितकर कोलेस्टेरॉल घटतें. म्हणजे जो गुण पाहून गृहिणीनें डबा घरीं आणला, त्याच गुणांत अपाय दडलेला होता. भेसळ शोधणाऱ्या परीक्षानळींत तो दिसणें शक्यच नव्हतें.

डेन्मार्कनें २००३ सालीं कायदा करून स्निग्धांतील या द्रव्यास २ टक्क्यांची मर्यादा घातली. आपल्याकडे ती पायरीपायरीनें खालीं येत २०२१ सालीं ३ व २०२२ च्या आरंभापासून २ टक्क्यांवर आली. हा तिसरा फेरफार आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण तो प्रथमच खाणाराच्या हृदयाकडे पाहून झाला.

मात्र बिस्किटास व खारीस खुसखुशीतपणा येण्यासाठीं घट्ट स्निग्ध लागतेंच. ती उणीव बव्हंशीं पामतेलानें भरून काढली, व पामतेलाचा सुमारें निम्मा भाग संपृक्त स्निग्धाचा असतो. पुड्यावर ट्रान्स स्निग्धापुढें शून्य छापलेलें असलें, तरी त्याच्याच शेजारीं संपृक्त स्निग्धाचा आकडा असतो; २ टक्क्यांची ती मर्यादा त्यास लागू नाहीं.