परळचं एच-ओ-आर

१९९० नंतरची दोन-तीन वर्षं. फोर्टातल्या एका कार्यालयात मी मशीन रूम सांभाळायचो. शनिवार-रविवार जागून जुन्या युनिक्सवरच्या फायली नव्या सर्व्हरवर चढवल्या. सोमवारी मराठी यादी उघडली, तर पत्त्याच्या रकान्यात ‘परळ’च्या जागी तीन इंग्रजी अक्षरं: एच, ओ, आर. ‘दादर’चं झालं होतं डी, झेड, डी, ओ. आमच्या बाईंनी कपाळाला हात लावला, “गेला सगळा डेटा!”

डेटा होता तिथेच होता. पण हे परळचं कोडं सोडवायचं तर सुरुवात तारखात्यापासून करावी लागते.

फ्लोरा फाउंटनच्या तार कार्यालयातल्या टेलिप्रिंटरची खडखड आमच्या पिढीने ऐकली आहे. तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली, पण युनिक्सने टेलिप्रिंटरचं नाव अजून सोडलेलं नाही. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ही प्रणाली लिहायला घेतली. पुढे तिच्यासमोर जे टर्मिनल असायचं त्याला पडदाच नव्हता. ते होतं टेलिटाइप कंपनीचं मॉडेल ३३, सेकंदाला दहा अक्षरं कागदावर ठोकणारं. म्हणून युनिक्समध्ये टर्मिनल आजही ‘टीटीवाय’, आणि त्याची जुळणी करणारी आज्ञा ‘एसटीटीवाय’.

कागदी पट्टीची तर निराळीच तऱ्हा. एकदा पाडलेलं भोक बुजवता येत नाही. मग चुकलेल्या अक्षराच्या जागी सातही भोकं पाडायची, की ती जागा रद्द समजली जाई. सातही भोकं म्हणजे १२७, आणि तेच ‘डिलीट’. ‘बॅकस्पेस’चा आकडा ८; त्याचं काम एक घर मागे सरण्याचं. एक खोडणारा, दुसरा मागे सरणारा. या दोघांचं भांडण निस्तरण्यात माझी निम्मी नोकरी गेली.

मुंबईत युनिक्स शिरलं बँकांच्या दारातून. रंगराजन समितीचा अहवाल १९८४ चा: शाखांत लेजर पोस्टिंग मशीन, विभागीय कार्यालयांत मिनी कॉम्प्युटर. मिनीवर युनिक्स बसू लागलं आणि फोर्ट-नरिमन पॉइंटला आमच्यासारख्यांच्या नोकऱ्यांची सोय झाली. टर्मिनलं मात्र मिळतील ती. डेक कंपनीच्या व्हीटी-२२० ची खोडायची कळ १२७ पाठवायची, वाइज-६० ची ८. त्यात सिस्टीम फाइव्हच्या घराण्यातल्या युनिक्सवर १२७ चा मूळचा अर्थ ‘चालू काम थांबव’. क्लार्कने चुकलेला आकडा खोडायला कळ दाबावी, तर प्रोग्रामच बंद आणि समोर नुसतं डॉलरचं चिन्ह!

‘डॉट प्रोफाइल’ या फायलीत ओळ घातली, खोडायला अमुक कळ, थांबवायला कंट्रोल-सी, की भागायचं. पण बर्कलीच्या वळणाच्या मशीनवर गेलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तिथे बहुधा बिल जॉयचा सी शेल, आणि तो डॉट प्रोफाइल वाचतच नाही. त्याची फाइल ‘डॉट सीएसएचआरसी’. टर्मिनलचं नाव चुकीचं दिलं असेल, तर बाण दाबल्यावर कर्सर हलायचा नाही, चौकटी कंस आणि ए-बी उमटायचे.

माझे वडील लालबागच्या गिरणीत बरीच वर्षं बदली कामगार होते. सकाळी गेटवर उभं राहायचं आणि ज्याचा खाडा असेल त्याच्या साच्यावर जायचं. काल एक जोडी, आज दुसरी. “साचे सगळे सारखेच, पण प्रत्येकाला त्याच्या माणसाच्या हाताची सवय,” ते सांगत. म्हणून साचा चालू करण्याआधी ते धोटा, ताणा, दोन्ही मिनिटभर बघून घ्यायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यानंतर ते साच्यावर परत गेले नाहीत. माझं काम मी त्यांना समजावलं तेव्हा सगळं ऐकून म्हणाले, “म्हणजे तूही बदलीच.”

त्या सोमवारी मी त्यांच्यासारखंच केलं. कशालाही हात लावण्याआधी ‘एसटीटीवाय उणे ए’ लिहून लाइनची जुळणी विचारली. उत्तर आलं: सात बिट, सम पॅरिटी. तिथेच उलगडा झाला. आमची यादी इस्कीमध्ये होती, म्हणजे १९९१ च्या भारतीय मानकात. त्यात खालची १२८ घरं इंग्रजीची आणि वरच्या घरांत आपल्या लिप्या. मधला जिना म्हणजे आठवा बिट. पुण्याच्या सी-डॅकची जिस्ट टर्मिनलं त्याच्याच भरवशावर मराठी दाखवत. नवं मशीन बसवणाऱ्याने लाइन सात बिटांची ठेवली, टर्मिनलंही तशीच लावून दिली, आणि जिनाच काढून घेतला. ‘प’ म्हणजे २००. त्यातून १२८ गेले, उरले ७२, आणि ७२ म्हणजे एच. ‘र’चा ओ झाला, ‘ळ’चा आर.

आठ बिट केले, पॅरिटी बंद केली. येणाऱ्या अक्षराचा आठवा बिट छाटणारी ‘आयस्ट्रिप’ही बंद केली. टर्मिनलच्या सेटअपमध्ये तेच बदल केले. परळ पुन्हा परळ झालं, आणि बाईंनी सगळ्यांसाठी कटिंग मागवला.

परवा भाचीचा फोन आला. ती लोअर परळला असते, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. तिच्या मॅकवर झेड शेल. ॲपलने २०१९ पासून तोच रूढ केला आहे. तिथून ती एका जुन्या सर्व्हरवर गेली होती आणि बॅकस्पेस दाबलं की अक्षर पुसण्याऐवजी भलत्याच खुणा उमटत होत्या.

“मामा, कीबोर्ड बदलू का?”

“आधी विचार त्याला. एसटीटीवाय उणे ए. इरेजपुढे काय आहे?”

“टोपी आणि एच.”

“म्हणजे त्याला ८ हवाय. आता कंट्रोल-व्ही दाब, मग बॅकस्पेस. तुझी कळ काय पाठवते?”

“टोपी आणि प्रश्नचिन्ह.”

“सातही भोकं,” मी म्हणालो. “लिही: एसटीटीवाय इरेज, एक जागा सोड, परत कंट्रोल-व्ही, बॅकस्पेस, एंटर.”

“कसली भोकं, मामा?” तिने विचारलं. पण तोवर पलीकडून कळ दाबल्याचे आवाज येऊ लागले होते, एकामागून एक, ओळ पुसली जात असल्यासारखे.