देवळीच्या कापूसपट्ट्यात मुलांचं ताट कोण ठरवतं?

मूल बारीक दिसलं की पहिला दोष आईवर येतो. "नीट खाऊ घालत नाही", "पाच रुपयांचं पाकीट देऊन गप्प बसवते" असं अंगणवाडीच्या वजनकाट्याजवळही ऐकू येतं आणि घरातही. यात कधीकधी तथ्य असतं. पण वर्धा जिल्ह्यातला देवळी तालुका घ्या. काळी कसदार जमीन, कापूस, सोयाबीन, तूर. जवळच सेवाग्राम, जिथं 1969 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा भागातही मुलांच्या पोषणाचा प्रश्न उरतोच, तर त्याची कारणं स्वयंपाकघराबाहेरही शोधावी लागतील.

आधी राज्याचं चित्र बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2015-16 च्या फेरीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या 34.4 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. पुढच्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, हे प्रमाण 35.2 टक्के झालं. त्याच काळात देशाचा आकडा 38.4 वरून 35.5 वर उतरला. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुलं राज्यात 25.6 टक्के होती, ती तेवढीच राहिली. आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमधला रक्तक्षय 53.8 वरून 68.9 टक्क्यांवर गेला. देशातल्या श्रीमंत राज्यांपैकी एक असलेल्या राज्याची ही गोष्ट आहे.

हे बदलता येत नाही असंही नाही. कुपोषणाने होणाऱ्या बालमृत्यूंवर ओरड झाल्यावर राज्याने 2005 मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केलं. दोन वर्षांखालच्या मुलांमधला खुजेपणा 2005-06 मध्ये 39 टक्के होता, तो 2012 च्या पाहणीत 23-24 टक्क्यांवर आला. तेव्हाच्या आयाही याच होत्या. बदललं ते सरकारचं लक्ष, रिकाम्या जागा भरणं, पहिल्या हजार दिवसांवर दिलेला भर.

ज्वारी गेली, कडबा गेला

देवळीच्या ताटाची गोष्ट ज्वारीपासून सुरू करावी लागते. विदर्भात एके काळी कापसाच्या जोडीला ज्वारी असायचीच. घरची भाकर त्यातून व्हायची, मजुरीही पुष्कळदा ज्वारीतच मिळायची, आणि कडबा जनावरांना जायचा, म्हणून दारात दूध असायचं. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने 1980 च्या आसपास आजूबाजूच्या गावांत आरोग्य विमा सुरू केला, डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने, तर त्याचा हप्ताही सुगीला ज्वारीतच घेतला जायचा. ज्याची जमीन जास्त त्याने जास्त द्यायची, मजुराने थोडी. पैशापेक्षा ज्वारी सहज निघत होती, हे त्यामागचं साधं गणित.

आज ती ज्वारी फारशी दिसत नाही. सोयाबीन आलं, 2002 नंतर बीटी कापूस आला, रानडुकरं आणि पाखरांचा त्रास वाढला. सोयाबीनने हातात रोख पैसा दिला, हे खरं. पण सोयाबीन कोणी भाकरीसारखं खात नाही. ते तेलाच्या कारखान्यात जातं आणि उरलेली ढेप कोंबड्यांचं खाद्य होते. म्हणजे आपल्या शेतातलं प्रथिन कोंबडीच्या पोटात जातं, आणि त्या कोंबडीचं अंडं देवळीच्या मुलाच्या ताटात परत येईलच असं नाही.

पिकं बाजारासाठी झाली की घरातलं खाणं बाजारभावावर टांगतं. कापसाचा भाव पडला किंवा बोंडअळी आली, की पहिली कात्री दूध, डाळ, भाजी आणि मटणाला लागते. पोळी-भात चालू राहतो. त्यामुळे पोट भरतं, पण मूल वाढत नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं, त्यात वर्धा होता. त्या पॅकेजची चर्चा कर्ज आणि सिंचनाची झाली. त्या घरांतली लेकरं काय खात होती, हे फार कोणी विचारलं नाही.

रेशन: किलोचे रुपये झाले

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य हक्काने मिळतं, 2023 पासून तेही मोफत. पण डाळ, तेल या कायद्यात नाही. शिवाय लाभार्थ्यांची संख्या 2011 च्या जनगणनेवर ठरलेली आहे; महाराष्ट्राचा कोटा सुमारे 7 कोटी. त्यानंतर जन्मलेली मुलं, लग्न होऊन आलेल्या सुना यांची नावं चढवायला गेलं की "कोटा भरला" हे उत्तर मिळतं. देशभरात असे दहा कोटींहून जास्त लोक बाहेर राहिले असा अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांचा 2020 चा अंदाज होता.

वर्ध्याची आणखी एक खास गोष्ट आहे. 2015 पासून राज्यातल्या आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांना स्वस्त धान्य मिळत होतं. मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि चौदावा वर्धा. 2023 मध्ये धान्याऐवजी माणशी महिन्याला 150 रुपये खात्यात टाकायचं ठरलं. तेव्हाच्या 150 रुपयांत पाच किलो गहू-तांदूळ येत होता का, हे कुठल्याही किराणा दुकानात विचारून बघा. आणि खात्यात आलेला पैसा आधी कशाला जातो, हे घर चालवणाऱ्या बाईला सांगायला नको.

मुस्लिम कुटुंबांना हा फरक वेगळ्या वाटेने लागतो. 2006 च्या सच्चर समितीने दाखवलं की मुस्लिमांकडे शेतजमिनीची मालकी सरासरीपेक्षा कमी आहे. शेतच नसलं तर शेतकरी म्हणून मिळणारी मदतही नाही. हमाली, फेरीचा धंदा, गॅरेज, मजुरी यावर चालणारं घर प्राधान्य यादीत नसेल तर ते बाजारभावावरच जगतं.

आईचा वेळ

बाळाला दोन वर्षं दूध पाजण्याचा उल्लेख सूरह अल-बकरामध्ये आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनाही दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही स्तनपान चालू ठेवायला सांगते. सगळ्यांना हे माहीत आहे. पण निंदण आणि कापूस वेचणीच्या दिवसांत रोजी बुडवून घरी बसणं कोणाला परवडतं? 2017 मध्ये 26 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा झाली ती नोकरदार बाईसाठी. वेचणी करणारीसाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. पहिल्या बाळाला 5,000 रुपये, दुसरी मुलगी झाली तर 6,000. अन्नसुरक्षा कायद्यात मात्र किमान 6,000 रुपये लिहिलेले आहेत, आणि तेही पहिल्या बाळापुरते नाहीत. कायदा एक सांगतो, योजना दुसरंच देते.

रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये एक कोडं मांडलं होतं: दक्षिण आशियात आफ्रिकेपेक्षा अन्न आणि उत्पन्न जास्त असून मुलं जास्त कुपोषित का? त्यांचं उत्तर बाईच्या स्थानाकडे बोट दाखवत होतं. आई स्वतः अशक्त, बाळ जन्मतःच कमी वजनाचं.

अंड्याचं राजकारण

स्वस्त आणि पूर्ण प्रथिन म्हणून अंड्याला तोड नाही, आणि नेमकं तेच सगळ्यात वादग्रस्त. राज्याच्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत 2015 पासून गरोदर आणि स्तनदा मातांना एक पूर्ण जेवण मिळतं, पुढे लहान मुलांना अंडीही मिळू लागली. पण फक्त आदिवासी क्षेत्रांत. वर्धा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, त्यामुळे देवळीचं मूल त्यात बसत नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक दिवस अंडं किंवा केळं द्यायचं ठरलं. काही गटांनी विरोध केला. जानेवारी 2025 मध्ये सरकारने अंड्यासाठी वेगळा निधी देणं थांबवलं. हवं तर शाळेने लोकवर्गणीतून द्यावं. ज्या गावात लोकवर्गणी निघू शकते, तिथल्या मुलांना मुळात त्या अंड्याची गरज कमी असते!

2015 मध्ये गायीसोबत बैल आणि गोऱ्ह्यांच्या कत्तलीवरही राज्यात बंदी आली. चर्चा धर्माची झाली. पण गरीब मुस्लिम आणि दलित घरांत आठवड्याला जे स्वस्त मांस शिजायचं ते गेलं, आणि म्हातारा बैल विकून नवा घेणाऱ्या शेतकऱ्याचाही हिशेब बिघडला. म्हशीचं मांस कायद्याने चालतं, पण वाहतूक करणाऱ्याच्या मनात भीती असली की दुकानातला भाव वाढतोच.

आठ रुपये

अंगणवाडीतल्या सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलामागे दिवसाला 8 रुपये, अति तीव्र कुपोषित मुलासाठी 12 रुपये, गरोदर-स्तनदा मातेसाठी साडेनऊ रुपये. हा दर 2017 मध्ये ठरला आणि तेलाचे, डाळीचे भाव वाढले तरी वर्षानुवर्षं तोच चालत राहिला. त्याआधी 2015-16 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एकात्मिक बालविकास योजनेची तरतूद आधीच्या वर्षाच्या निम्म्याहूनही खाली आणली होती. पुढे पुरवणी मागण्यांतून बरीच भरली, पण मधले महिने मुलांचं वय थांबत नाही.

पैसा आला तरी तो कोणाकडे जातो हाही प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच सांगितलं होतं की अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, गावातले बचत गट आणि महिला मंडळं हवीत. तरी महाराष्ट्रातलं सुमारे 6,300 कोटींचं घरपोच आहाराचं कंत्राट फेब्रुवारी 2019 मध्ये त्याच न्यायालयाला रद्द करावं लागलं. आणि जी सेविका हा आहार वाटते, ती सरकारी कर्मचारी नाही, तिला मानधन मिळतं. डिसेंबर 2023 ते जानेवारी 2024 च्या संपात राज्यातल्या बहुतेक अंगणवाड्या बंद होत्या.

बाहेर काय झालं तेही बघा. ब्राझीलमध्ये 1970 च्या दशकाच्या मध्यात 37 टक्के मुलं खुजी होती, 2006-07 पर्यंत ती 7 टक्क्यांवर आली. तिथे 2009 च्या कायद्याने शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला किमान 30 टक्के वाटा छोट्या शेतकऱ्यांच्या मालावरच खर्च करणं बंधनकारक केलं. बांगलादेशात 2004 मध्ये निम्मी मुलं खुजी होती, 2017-18 मध्ये 31 टक्के.

आणि एक गोष्ट आपल्याच घरची. भारतातल्या मुस्लिम कुटुंबांचं उत्पन्न आणि शिक्षण कमी असूनही त्यांच्यात बालमृत्यू तुलनेने कमी, हे संशोधकांना अनेक वर्षं कोड्यात टाकत होतं. गेरुसो आणि स्पिअर्स यांच्या अभ्यासाने त्याचा मोठा भाग संडासाच्या वापरावर आणून ठेवला. मुस्लिम वस्त्यांत उघड्यावर जाणं कमी, त्यामुळे शेजारच्यांची बाळंही वाचतात. सतत जुलाब होणाऱ्या मुलाला कितीही खाऊ घाला, अंगी लागत नाही. म्हणून वस्तीतली नाली आणि पिण्याचं पाणी हाही नगरपरिषदेकडे मागायचा पोषण आहारच आहे.

हक्काने काय मागता येतं

सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरपोच आहार आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत सकाळचा नाश्ता व गरम जेवण, वर्षाला 300 दिवस. 2013 च्या मूळ कायद्यात यासाठी दिवसाला 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं लिहिलेली होती. अति तीव्र कुपोषित मुलासाठी 800 कॅलरी आणि 20 ते 25 ग्रॅम. मुलाचं वजन आणि उंची मोजून नोंदवणं हे सेविकेचं काम आहे, तो आकडा आईने विचारावा. वस्तीत सहा वर्षांखालची 40 मुलं असूनही अंगणवाडी नसेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 13 डिसेंबर 2006 च्या आदेशानुसार रहिवाशांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती द्यावी लागते. मागणीचा अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे करायचा. सोबत मुलांची नावं, जन्मतारखा आणि आई-वडिलांच्या सह्या जोडायच्या, आणि पोच घ्यायला विसरायचं नाही.