वेलेसची बनावट वृत्तस्थळे

वेलेस हे उत्तर मॅसेडोनियातील वार्दार नदीकाठचे, सुमारे 40 हजार वस्तीचे नगर. युगोस्लाव्हियाच्या अमदानीत मार्शल टिटोंचे नाव मिरविणाऱ्या या गावाची भिस्त चिनी मातीच्या भांड्यांच्या आणि शिसे-जस्ताच्या कारखान्यांवर असे. ते बंद पडल्यावर तरुणांपुढे उदरनिर्वाहाचा जो प्रश्न उभा राहिला, त्याचे एक चमत्कारिक उत्तर 2016 सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीने पुरविले.

मतदानास अवघे काही दिवस उरले असता बझफीड या वृत्तस्थळाने असे उघडकीस आणले की, अमेरिकी राजकारणास वाहिलेली किमान 140 संकेतस्थळे या एकट्या गावातून चालविली जात असून ती जवळजवळ सर्व डोनाल्ड ट्रम्प यांच्या बाजूची आहेत. वर्ल्डपॉलिटिकस, यूएसएडेलीपॉलिटिक्स अशी भारदस्त नावे धारण करणाऱ्या या स्थळांचे चालक पुष्कळदा शाळकरी वा महाविद्यालयीन मुले होती. त्यांच्या ठायी काही राजकीय निष्ठा असावी हा तर्क टिकत नाही. कारण त्यांपैकी काहींनी बर्नी सँडर्स यांच्या डाव्या अनुयायांसाठीही मजकूर चालवून पाहिला होता, आणि त्यास गिऱ्हाईक कमी म्हणूनच तो सोडून दिला होता.

अमेरिकेतील एखाद्या आडबाजूच्या स्थळावरील मजकूर उचलावा, त्यावर भडक मथळा चढवावा, फेसबुकवरील पानांतून त्याचा दुवा पसरवावा, आणि त्या वाटेने आलेल्या वाचकांपुढे गूगलच्या ॲडसेन्स योजनेतील जाहिराती मांडून पैसे वसूल करावेत, अशी या व्यवहाराची रीत होती. अमेरिकी वाचकाचा भाव इतर मुलखांतील वाचकांहून चढा, आणि मॅसेडोनियातील सरासरी मासिक वेतन मात्र चारशे डॉलरांच्या आत, सबब धंदा किफायतशीर ठरला. ट्रम्प यांच्यासारख्या प्रामाणिक माणसांनी निवडणूक लढवावी अशी इच्छा खुद्द हिलरी क्लिंटन यांनी 2013 साली व्यक्त केली होती, या कपोलकल्पित वृत्ताला फेसबुकवर एका आठवड्यात 4 लाख 80 हजार प्रतिक्रिया, अभिप्राय व पुनःप्रसारणे लाभली. उलट ट्रम्प यांनी 1995 च्या करविवरणात दाखविलेल्या 91.6 कोटी डॉलर तोट्याविषयीच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या सप्रमाण बातमीस महिनाभरात जेमतेम पावणेदोन लाखांची मजल गाठता आली.

जगभरच्या वार्ताहरांनी या पोरांच्या महागड्या मोटारींची वर्णने मोठ्या चवीने केली खरी. परंतु ज्यांच्या दलालीवाचून व प्रसारावाचून हा माल बाजारात आलाच नसता, त्या दोन बलाढ्य कंपन्यांचा कसूर दुय्यम मानणे न्याय्य नव्हे. निवडणूक उलटल्यावर, 14 नोव्हेंबर 2016 रोजी, दोघींनीही अशा स्थळांना जाहिरातींचे उत्पन्न नाकारण्याचे जाहीर केले. हे सर्व केवळ पोरांचे उपद्व्याप होते ही समजूतही 2018 साली डळमळली. एक स्थानिक वकील व त्याचे अमेरिकी सहकारी यांचा या धंद्यातील हात त्या वर्षीच्या पत्रकारी तपासात दिसून आला.

बंदोबस्त कितपत झाला याचा दाखला फेसबुकच्याच 2019 मधील, पुढे 2021 साली प्रकाशात आलेल्या अंतर्गत अहवालात मिळतो: प्रामुख्याने कोसोव्हो व मॅसेडोनियातून चालणारी अशी पाने दरमहा 14 कोटी अमेरिकी वापरकर्त्यांपर्यंत पोहोचत होती, आणि त्यांतील तीन-चतुर्थांश लोकांनी यांपैकी एकही पान स्वतः निवडलेले नव्हते, फेसबुकच्या शिफारस-यंत्रणेनेच ती त्यांच्यापुढे आणून ठेवली होती.