जुन्या गाडीत जास्त अँपियरचा अल्टरनेटर बसवताना काय तपासावे?

जुनी जीप, अँबेसेडर किंवा पद्मिनी हौसेने सांभाळणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते. जास्तीचे दिवे, म्युझिक सिस्टिम, रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा असे एकेक सामान वाढत जाते. मग रात्री सिग्नलला थांबले की हेडलाइट पिवळे पडतात आणि सकाळी बॅटरी उतरलेली असते. अशा वेळी 'मोठा अल्टरनेटर टाका' असा सल्ला मिळतो. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा भाग वायरिंगचा आहे आणि तो राहून गेला तर गाडी पेटू शकते.

डायनामो आणि अल्टरनेटरमध्ये फरक काय?

पूर्वीच्या अनेक गाड्यांत डायनामो असे. लुकास कंपनीचा सी-40 हा प्रचलित डायनामो साधारण 22 अँपियर देत असे. आयडलिंगला मात्र त्यातून जवळपास काहीच मिळत नसे. अल्टरनेटर आधी एसी वीज तयार करतो आणि त्यातले डायोड तिचे डीसीत रूपांतर करतात. तो कमी वेगातही चार्जिंग देतो.

बदल खरंच गरजेचा आहे का?

इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, मल्टीमीटरने बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजावे. 12 व्होल्टच्या गाडीत ते 13.8 ते 14.5 च्या दरम्यान असेल तर चार्जिंग ठीक आहे. कमी असेल तर आधी सैल बेल्ट, झिजलेले कार्बन ब्रश आणि गंजलेले अर्थिंग तपासावे. अनेकदा काम तेवढ्यावरच भागते.

किती अँपियर लागतात?

वॅटला व्होल्टने भागले की अँपियर मिळतात. 55 वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे 110 वॅट, म्हणजे सुमारे 8 अँपियर. 200 वॅटचा पंखा सुमारे 14 अँपियर घेतो. एकाच वेळी चालणाऱ्या सगळ्या वस्तूंची बेरीज करून बॅटरी चार्ज होण्यासाठी वर थोडी जागा ठेवावी. अल्टरनेटरवर लिहिलेला आकडा जास्त वेगातला असतो, आयडलिंगला त्याच्या निम्मेच अँपियर मिळू शकतात. त्यामुळे शहरात चालणाऱ्या गाडीसाठी आयडलिंगचा आकडा विचारून घ्यावा.

जास्त अँपियरने बॅटरी जळते का?

नाही. रेग्युलेटर व्होल्टेज ठरावीक पातळीवर ठेवतो आणि उपकरणे लागेल तेवढाच करंट घेतात. बॅटरी खराब होते ती रेग्युलेटर बिघडून व्होल्टेज वाढल्यामुळे.

खरा धोका कुठे आहे?

मूळ वायर 22 ते 40 अँपियरच्या हिशेबाने टाकलेली असते. तिच्यातून 60-70 अँपियर गेले तर ती तापते, वरचे आवरण वितळते आणि शॉर्ट सर्किट होते. अनेक जुन्या जीपमध्ये गाडीचा जवळजवळ सगळा करंट डॅशबोर्डवरच्या अँमीटरमधून जातो, तेव्हा तोही तापतो. म्हणून अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत वेगळी जाड तांब्याची वायर टाकावी. अंतर दीड-दोन मीटर असेल तर 60-70 अँपियरसाठी 16 चौरस मिमी आणि 100 अँपियरसाठी 25 चौरस मिमी वायर चालते. बॅटरीजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज हवाच. इंजिन आणि चॅसिसमधली अर्थिंगची पट्टीही तितकीच जाड असावी. अँमीटर काढून व्होल्टमीटर बसवणे जास्त सुरक्षित.

बेल्टचे काय?

14 व्होल्टला 100 अँपियर म्हणजे 1,400 वॅट. उष्णतेत वाया जाणारी शक्ती धरली तर इंजिनकडून सुमारे 3 हॉर्सपॉवर घेतली जाते. एकच अरुंद व्ही-बेल्ट एवढ्या ताणाला घसरतो. त्यामुळे जुन्या गाडीला बहुधा 55 ते 70 अँपियरचा अल्टरनेटर पुरतो.

काम करताना

• काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते. ते न बदलता नेहमीचा अल्टरनेटर जोडला तर डायोड लगेच जळतात.
• डायनामोचा कटआउट बॉक्स सर्किटमधून काढावा.
• डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा बल्ब काढू नये. अनेक अल्टरनेटर त्यातून येणाऱ्या करंटवरच चार्जिंग सुरू करतात.
• काम सुरू करण्याआधी बॅटरीचे निगेटिव्ह टोक काढावे. इंजिन चालू असताना बॅटरी कधीही काढू नये, कारण व्होल्टेज अचानक उसळून डायोड जातात.

अल्टरनेटर बसवल्यावर सगळे दिवे आणि पंखे लावून इंजिन 15 मिनिटे चालवावे. मग इंजिन बंद करून नव्या वायरला हात लावून पाहावा. ती कोमट असेल तर हरकत नाही, चटका बसला तर वायर बारीक आहे किंवा जोड सैल आहे.