कारखान्यात नवीन लागलात? पहिल्या आठवड्यात हे शिकून घ्या

आयटीआय किंवा बारावी झाली की अनेक तरुण चाकण, भोसरी, वाळूज, अंबड अशा औद्योगिक वसाहतींत हेल्पर म्हणून रुजू होतात. पहिल्याच दिवशी गेटपास मिळतो, एका कागदावर सही होते आणि तासाभरात माणूस मशीनसमोर उभा असतो. ती सही बहुतेक वेळा ‘सुरक्षा प्रशिक्षण मिळाले’ याचीच असते.

प्रशिक्षण पहिल्या दिवशीच का हवे? टोरांटोच्या ‘इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थ’ या संस्थेच्या अभ्यासांनुसार, नोकरीच्या पहिल्या महिन्यात दुखापतीमुळे काम बुडण्याचा धोका वर्षाहून अधिक काळ तेच काम करणाऱ्यांच्या तिपटीहून जास्त असतो. हा प्रश्न फक्त कोवळ्या वयाचा नाही. चाळिशीतला अनुभवी माणूसही नव्या मशीनवर आला की त्या कामापुरता नवखाच असतो.

प्रेस शॉपमध्ये बोटे का जातात?

पत्रा कापणाऱ्या किंवा वाकवणाऱ्या पॉवर प्रेसवर दोन बटणे लांब-लांब बसवलेली असतात. दोन्ही हात बटणांवर असतील तेव्हाच प्रेस खाली येते, म्हणजे डायमध्ये हात असूच शकत नाही. मात्र उत्पादन वाढवण्यासाठी काही ठिकाणी एक बटण कायमचे दाबून बांधून ठेवतात, किंवा त्याऐवजी पायाचे पेडल जोडतात. मग एक हात मोकळा राहतो आणि अडकलेला तुकडा काढायला तोच हात आत जातो. ‘सगळे असेच करतात’ हे तुम्हाला पहिल्याच दिवशी ऐकायला मिळेल. अशा मशीनवर काम करण्यापूर्वी सुपरवायझरला विचारा. तुकडा काढायला चिमटा किंवा चुंबकाची काठी मागून घ्या.

साफसफाई किंवा दुरुस्ती असेल तर मशीन नुसते बंद करून भागत नाही. मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचे आणि चावी जो माणूस मशीनमध्ये हात घालणार आहे त्याच्याच खिशात ठेवायची. दुसऱ्याने नकळत स्विच चालू केल्यामुळे होणारे अपघात एवढ्यानेच टळतात.

हातमोज्यांबद्दल मात्र गैरसमज आहे. पत्र्याची धार, गरम वस्तू, रसायने यांसाठी योग्य प्रकारचे मोजे हवेतच. पण ड्रिल, लेथ अशा फिरणाऱ्या भागाजवळ मोजे घालू नयेत. मोज्याचे टोक अडकले की संपूर्ण हात ओढला जातो. ओढणी, साडीचा पदर, मोकळे केस, मनगटातला गंडा, बांगडी, लग्नाची अंगठी यांचाही धोका तसाच आहे. अंगठी अडकून बोटाची कातडी मुळापासून सोलली जाते, आणि ती जखम दुरुस्त करणे साध्या कापण्यापेक्षा बरेच कठीण असते.

बोट तुटल्यास

जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात वर उचला. रक्त थांबवण्यासाठी सुतळी किंवा वायर बांधू नका. हळद, कॉफी पावडर, ग्रीस लावू नका. तुटलेला भाग स्वच्छ, किंचित ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ही पिशवी बर्फ व पाणी असलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. बोट थेट बर्फात ठेवल्यास पेशी गोठून मरतात. बोटात स्नायू नसल्याने असे थंड ठेवलेले बोट १२ तासांपर्यंत, कधी त्यानंतरही जोडता येते. मनगटापासून हात तुटला असेल तर वेळ याहून बरीच कमी असते. जखमी माणसाला चहा-पाणी देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते. प्लास्टिक सर्जन आहेत का, हे रुग्णालयात आधी फोन करून विचारा. चिरडलेले बोट प्रत्येक वेळी जोडता येतेच असे नाही, हेही खरे आहे. जखम लहान असली तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचाराच.

डोळ्यात ॲसिड किंवा कॉस्टिक उडाले तर आधी तिथल्या तिथे वाहत्या पाण्याने किमान २० मिनिटे डोळा धुवा, नंतर रुग्णालयात न्या. कॉस्टिक ॲसिडपेक्षा खोलवर जाते. म्हणूनच रुजू झाल्यावर नळ कुठे आहे हे आधी पाहून ठेवा.

टाकीत किंवा खड्ड्यात उतरलेला सहकारी बेशुद्ध पडला तर त्याच्या मागोमाग उतरू नका. हायड्रोजन सल्फाइडचा वास सडक्या अंड्यासारखा येतो, पण प्रमाण वाढले की नाकाला तो कळेनासा होतो. वास येत नाही म्हणजे वायू नाही, असे समजू नका.

हळूहळू होणारे नुकसान

हाताच्या अंतरावरील माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर आवाज ८५ डेसिबलच्या आसपास किंवा वर असण्याची शक्यता आहे. शिफ्टनंतर कानात घूं-घूं होणे ही पहिली खूण. सततच्या आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, म्हणून इअरप्लग पहिल्या दिवसापासून वापरा.

तुमचा हक्क

कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये १९८७ साली झालेल्या दुरुस्तीने कामगाराला सुरक्षेची माहिती आणि प्रशिक्षण मिळवण्याचा हक्क दिला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही प्रशिक्षणाची जबाबदारी मालकावरच आहे. तुम्ही ठेकेदाराकडून आलेले असाल तरी धोका तोच असतो, त्यामुळे प्रशिक्षणही मागा. जी भाषा समजते तिच्यात मागा. प्रशिक्षण झाल्याशिवाय कागदावर सही करू नका.

तुम्ही ईएसआय योजनेत येत असाल तर कामावरील अपघाताचे संरक्षण नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मिळते. त्यासाठी ठरावीक महिने वर्गणी भरलेली असण्याची अट नाही. तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात मजुरीच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. त्यासाठी अपघात त्याच दिवशी कारखान्याच्या अपघात नोंदवहीत लिहवून घ्या. डॉक्टरांनाही ‘घरी पडलो’ असे न सांगता खरे कारण सांगा, कारण केसपेपरवर तेच लिहिले जाते आणि दाव्याच्या वेळी तोच कागद पाहिला जातो.