पडद्यावरचे आकाश आणि त्याची मजुरी



युनियनच्या माणसाने व्याख्यानमालेत उभे राहावे आणि बोलावे ते सिनेमावर, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. बोनस, महागाई भत्ता, कंत्राटी पद्धत हे आमचे नेहमीचे विषय. पण विमानपट हा माझा जुना छंद आहे. शाळा लवकर सुटली. जे काही शिकलो ते मोफत वाचनालयात आणि थिएटरातल्या सर्वांत स्वस्त खुर्च्यांवर. त्यामुळे एक खोड मात्र कायमची जडली. पडद्यावर विमान गिरक्या घेत खाली येऊ लागले की शेजारचा प्रेक्षक श्वास रोखून धरतो, आणि मी मनात विचारतो, आत कोण बसला आहे? या कामाचे त्याला किती ठरले? आणि तो खाली आलाच, तर त्याच्या घरच्यांकडे कोण पाहणार? आजचे माझे व्याख्यान म्हणजे या तीन प्रश्नांचा इतिहास आहे असे समजा.

आरंभ ‘विंग्ज’पासून करावा लागेल. हा १९२७ सालचा अमेरिकन मूकपट. ऑस्कर पारितोषिके १९२९ साली प्रथम दिली गेली, तेव्हा सर्वश्रेष्ठ चित्रपटाचे पारितोषिक याला मिळाले. दिग्दर्शक विल्यम वेलमन हा पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या बाजूने लढाऊ विमान चालविलेला गृहस्थ. टेक्ससमधील सान अँटोनिओच्या परिसरात चित्रीकरण झाले. सैन्याने माणसे, विमाने, तोफा सारे पुरविले. पण वेलमनपुढे एक अशी अडचण उभी राहिली की जी पैशाने सुटणारी नव्हती. आकाश निरभ्र होते.

आता निरभ्र आकाश ही अडचण कशी? आगगाडीतून जाताना बाहेरची झाडे मागे पळतात म्हणून गाडीचा वेग कळतो. खिडकीबाहेर काहीच नसेल तर गाडी उभी आहे की धावते आहे हे सांगता यायचे नाही. विमानाचे तेच. मागे कोरे आकाश असेल तर ताशी शंभर मैलांनी जाणारे विमान पडद्यावर भिंतीवर बसलेल्या माशीसारखे दिसते. मागे ढगांचे डोंगर असले म्हणजे मात्र वेग दिसतो, उंची दिसते, पडण्याची भीती दिसते. वेलमनने ढग येईपर्यंत काम थांबविले. वरचे लोक खर्चाचा हिशेब मांडून चिडले. पण हा पठ्ठ्या हलला नाही. ‘विंग्ज’मधील हवाई झुंजी आजही डोळ्यांपुढून जात नाहीत, त्याचे निम्मे श्रेय त्या ढगांना आणि वेलमनच्या हट्टाला द्यावे लागेल.

निम्मे श्रेय माणसांचे. नायकांपैकी रिचर्ड आर्लेन याला विमान चालविता येत होते. चार्ल्स ऊर्फ बडी रॉजर्स याने या चित्रपटासाठी ती विद्या शिकून घेतली. कॅमेरा विमानावरच, चालकाच्या तोंडासमोर बसविलेला. वर गेल्यावर कळ दाबून तो सुरू करायचा नटानेच, अभिनय करायचा नटानेच. ज्यांनी २०२२ सालचा ‘टॉप गन : मॅव्हरिक’ पाहिला असेल त्यांना हे ओळखीचे वाटेल, तेथेही नट लढाऊ विमानाच्या मागच्या जागेत बसले आणि वर गेल्यावर कॅमेरे त्यांनीच चालविले. पुढे बसलेला वैमानिक मात्र नौदलाचा. पंचाण्णव वर्षांनी कारखाना पुन्हा त्याच जागी आला म्हणायचा.

पण विमान पाडायचे असते, तेव्हा नट बाजूला होतो. ‘विंग्ज’मध्ये विमान पाडण्याचे काम डिक ग्रेस नावाच्या माणसाकडे होते. तो धंद्याने विमान पाडणाराच. हे काम आंधळ्या धाडसाचे नाही, हे मला त्याच्यामुळे प्रथम समजले. कुठला खांब आधी अर्धवट कापून ठेवायचा, पट्टे कसे बांधायचे, कोणत्या ठिकाणी जमिनीला टेकायचे, हे सारे तो आधी मोजून ठरवी. एखादा कसबी सुतार लाकूड जोखतो तसा तो अपघात जोखत असे. तरीही एका विमानाच्या वेळी हिशेब चुकला. चाकांचा सांगाडा ठरल्याप्रमाणे मोडायला हवा होता. तो मोडला नाही. ग्रेसची मान मोडली. प्लास्टरात घालून ठेवलेल्या या गड्याने काही आठवड्यांतच ते प्लास्टर स्वतःच काढून टाकले आणि तो पुन्हा धंद्याला लागला.

त्या काळचा लॉस एंजेलिसचा एक दरपत्रकही उपलब्ध आहे. ‘थर्टीन ब्लॅक कॅट्स’, म्हणजे तेरा काळी मांजरे, या नावाची वैमानिकांची एक टोळी होती. तेरा हा आकडा तिकडे अशुभ, आणि काळे मांजर तर आपल्याकडेही आडवे गेलेले चालत नाही. म्हणून मुद्दाम हे नाव. सभासदाच्या नावातही तेरा अक्षरे असावीत असा दंडक. त्यांचे दर छापील होते. एका उडत्या विमानातून दुसऱ्या विमानात जायचे, शंभर डॉलर. झाडावर किंवा घरावर विमान नेऊन आदळायचे, बाराशे. विमान हवेतच स्फोटाने उडवून देऊन आपण छत्रीने खाली यायचे, पंधराशे. सभ्य गृहस्थहो, कामाचे दरपत्रक मी आयुष्यभर वाचत आलो आहे. पण असे दरपत्रक दुसरे पाहिले नाही. त्यात प्रत्येक ओळीला किंमत आहे. मान मोडली तर काय, याची ओळ माझ्या वाचनात आली नाही.

हे सारे जिथे कळसाला पोहोचले तो चित्रपट म्हणजे हॉवर्ड ह्यूजेसचा ‘हेल्स एंजल्स’. सुरुवात १९२७ साली, प्रदर्शन १९३० साली. बापाच्या कारखान्याचा पैसा हाताशी, वय विशीबाईसचे आणि विमानाचे वेड. मग काय विचारता! जुनी लढाऊ विमाने त्याने गोळा केली. ढगांसाठी वाट पाहण्यात तोही वेलमनच्या वरताण. लॉस एंजेलिसला ढग मिळेनात म्हणून त्याने सारा तांडा उत्तरेला ओकलंडकडे हलविला. तेवढ्यात बोलपटाचे युग आले. मूकपट म्हणून केलेले बरेचसे काम पुन्हा करणे भाग पडले. नायिका ग्रेटा निसेन हिच्या बोलण्यात नॉर्वेची ढब होती, म्हणून तिच्या जागी जीन हार्लो नावाची एक अनोळखी मुलगी आली आणि या एका चित्रपटाने ती प्रसिद्धीस चढली.

यातल्या विमानांच्या झुंजीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. डझनावारी विमाने एकाच वेळी एकाच चौकटीत घुमताना दिसतात. मधमाश्यांचे मोहोळ उठावे तशी. पण माझ्या मनात घर करून राहिलेले दृश्य दुसरेच आहे, आणि ते खऱ्या विमानाचे नसून नमुन्याच्या साहाय्याने केलेले आहे. लंडनवर बॉम्ब टाकायला आलेले जर्मन झेपेलिन ढगांतून परत निघाले आहे. मागे इंग्रज विमाने लागली आहेत. वजन कमी करून वर चढायला हवे. आधी सामान टाकतात. तेवढ्याने भागत नाही. मग कप्तानाचा हुकूम होतो आणि खलाशी एकामागून एक तळाच्या उघड्या दारातून काळोखात उडी घेतात. ओरडणे नाही, तक्रार नाही. पुढच्या पायरीवर उभा असलेला माणूस आपली पाळी येण्याची वाट पाहतो. मालकाचे जहाज हलके करण्यासाठी खालच्या पंक्तीने उड्या टाकायच्या, ही गोष्ट आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना समजावून सांगावी लागत नाही. ह्यूजेसच्या मनात असले काही नव्हते, हे मला ठाऊक आहे. पण चित्र बोलायचे ते बोलून जाते.

आणि चित्राबाहेर काय चालले होते? या एका चित्रपटापायी तीन माणसे मेली. अल जॉन्सन आणि क्लेमंट फिलिप्स हे दोन वैमानिक, आणि तिसरा फिल जोन्स. हा जोन्स वैमानिक नव्हे, यांत्रिक. १९२९ च्या मार्चमधली गोष्ट. सिकोर्स्की जातीचे एक मोठे विमान जर्मन बॉम्बफेकी विमान म्हणून रंगविले होते. ते पेटून गिरक्या घेत पडते आहे असे दाखवायचे होते. वैमानिक अल विल्सन पुढे. जोन्स मागे, विमानाच्या पोटात. त्याचे काम काजळीचा काळा धूर सोडण्याचे, म्हणजे प्रेक्षकांना आग दिसावी. विमान हाताबाहेर गेले. विल्सनने इशारा देऊन छत्रीने उडी घेतली, तो वाचला. जोन्स बाहेर पडलाच नाही. इशारा त्याला ऐकू गेला की नाही हे सांगायला तो उरला नाही. विल्सनचा परवाना काही काळ काढून घेतला गेला. ह्यूजेसवर भेकडपणाचा आरोप मात्र कोणी करू नये. तो स्वतःही या चित्रपटाच्या वेळी विमान घेऊन पडला आणि जबर जखमी झाला. पण मालक पडतो तो आपल्या हौसेने, आणि यांत्रिक पडतो तो आपल्या पगारासाठी. हा फरक राहतोच.

१९२९ च्या अखेरीस अमेरिकेत मंदी आली. काम कमी, रिकामे वैमानिक जास्त. आपल्या शहरातल्या मजुरांच्या नाक्यावर सकाळी जे घडते तेच आकाशात घडू लागले. एकाने एक दर सांगावा आणि दुसऱ्याने त्याच्याखाली उतरावे. विमान पाडण्याच्या धंद्यात असा दर उतरला म्हणजे मापून-जोखून काम करणारा डिक ग्रेससारखा कसबी माणूस घरी बसतो आणि शिकाऊ पोरगा मरतो.

या टप्प्यावर एक बाई पुढे आली. फ्लोरेन्स लो बार्न्स. सारे जग तिला पांचो बार्न्स म्हणून ओळखते. श्रीमंत घरची मुलगी. तिचा आजोबा थॅडियस लो याने अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यासाठी फुगे उडविले होते. लग्न झाले ते पाद्र्याशी. पण बाईचे मन रमले ते विमानात, सिगारेटीत आणि शिवराळ बोलण्यात. १९३० साली तिने अमेलिया इअरहार्टचा स्त्रियांच्या वेगाचा विक्रम मोडला. ‘हेल्स एंजल्स’मध्येही तिने काम केले होते. १९३१ साली तिच्या पुढाकाराने ‘असोसिएटेड मोशन पिक्चर पायलट्स’ ही चित्रपट-वैमानिकांची युनियन उभी राहिली. ठरलेले दर आणि कामाची सुरक्षितता, या दोन मागण्या. आमच्या कोणत्याही गेट-मीटिंगमध्ये उठून सांगाव्या अशाच. गंमत पाहा, जी माणसे उडत्या विमानाच्या पंखावर उभी राहायला घाबरत नव्हती, त्यांनाही एकेकट्याने स्टुडिओच्या कचेरीत जाऊन दर मागणे जड जात होते.

युनियन झाली म्हणून मरण थांबले नाही. लिओ नोमिस हा जुना खेळिया १९३२ साली ‘स्काय ब्राइड’च्या चित्रीकरणात मेला. आणि युनियनचे एक वैगुण्यही सांगितले पाहिजे, ते मी झाकणार नाही. पॉल मँट्झ नावाचा एक तरुण वैमानिक हॉलिवूडमध्ये आला. त्याला सांगण्यात आले, युनियनचे कार्ड असल्याशिवाय काम नाही. कार्ड मागायला गेला तर उत्तर, चित्रपटात काम केल्याशिवाय कार्ड नाही! दार बंद करून घेण्याची ही रीत मी आपल्याकडेही पाहिली आहे. आतल्यांची भाकर राखायची ती बाहेरच्याच्या पोटावर पाय देऊन. त्यातून चळवळ वाढत नाही, जमातवाद वाढतो. मँट्झने कसेबसे दार ढकलले, आणि १९३२ च्या ‘एअर मेल’ या जॉन फोर्डच्या चित्रपटात त्याने असे काही करून दाखविले की पुढे त्याला कोणी अडविले नाही. विमान ठेवण्याच्या कोठारात एका दाराने शिरायचे आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडायचे, उडत. पंखांच्या टोकांना दोन्ही बाजूंनी जेमतेम जागा.

हाच मँट्झ पुढे या धंद्याचा राजा झाला. १९४९ सालच्या ‘ट्वेल्व्ह ओ’क्लॉक हाय’मध्ये आरंभी एक प्रचंड बी-१७ विमान चाकाविना पोटावर उतरते आणि तंबूंमधून घसरत जाते. अशा विमानात लढाईच्या वेळी दहाएक माणसे असत. त्या दृश्यात आत एकटा मँट्झ होता. त्याला साडेचार हजार डॉलर मिळाले. एका करामतीसाठी इतकी रक्कम पुढे कित्येक वर्षे कोणाला मिळाली नाही. हे दृश्य मला सर्वांत आवडते. त्यात कसली आतषबाजी नाही. जड यंत्र जमिनीवर घासत येते, थांबते. आणि त्या थांबण्यातच सारे युद्ध कळते.

१९६५ साली ‘द फ्लाइट ऑफ द फिनिक्स’ निघाला. वाळवंटात कोसळलेल्या विमानाच्या सांगाड्यातून वाचलेली माणसे नवे विमान जुळवतात आणि त्यातून सुटतात, अशी कथा. मुख्य भूमिका जेम्स स्टुअर्टची. तो स्वतः दुसऱ्या महायुद्धातला बॉम्बफेकी वैमानिक. ते जुळविलेले विमान खरोखरच बांधले होते. ते उडविणार होता मँट्झचा भागीदार फ्रँक टॉलमन; पण त्याचा पाय दुखावला म्हणून एकसष्ट वर्षांचा मँट्झ स्वतः बसला. ८ जुलैला, अ‍ॅरिझोनातील युमाजवळच्या वाळूत, एकदा घेतलेले दृश्य पुन्हा घेताना विमान एका लहानशा उंचवट्याला लागले आणि मधोमध तुटले. मँट्झ जागच्या जागी गेला. त्याच्या मागे उभा असलेला बॉबी रोझ जबर जखमी झाला, पण वाचला. चित्रपटाच्या शेवटी मँट्झच्या नावाने स्मरणाचे चार शब्द आहेत. डिक ग्रेस, ज्याची मान मोडली होती, तोही त्याच १९६५ साली गेला. मात्र विमानात नव्हे, आजाराने.

टॉलमनचा तो दुखावलेला पाय शेवटी कापावा लागला. तो एका पायाने पुन्हा विमान चालवायला शिकला आणि १९७५ च्या ‘द ग्रेट वाल्डो पेपर’साठी त्याने विमाने उडविली. हा चित्रपट, आपण ज्यांच्याविषयी बोलत आहोत त्याच फिरत्या वैमानिकांचा. नायक शेवटी पोटासाठी हॉलिवूडच्या युद्धपटात खोटी झुंज लढायला जातो.

आणखी दहा वर्षांनी, १९८५ च्या सप्टेंबरात, ‘टॉप गन’साठी आर्ट शोल हा नामांकित वैमानिक कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापुढे समुद्रावर विमान गिरक्या घेत खाली आणत होता. कॅमेरा विमानावर होता. रेडिओवर त्याने काहीतरी बिघडले आहे असे कळविले. विमान समुद्रात गेले. ते सापडले नाही, तोही सापडला नाही. तो चित्रपट त्याच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे. पाटी शेवटी येते, आणि तोवर थिएटरातले दिवे लागलेले असतात. पुढच्या वेळी दोन मिनिटे खुर्चीत बसून राहा.